इंग्रजींतील कर्मणी प्रयोग

‘प्रयोग बदला’ हा प्रश्न आमचीं मुलें गणिताप्रमाणें सोडवितात. कर्म आरंभीं आणावें, ‘बी’चें काळानुरूप रूप घालावें, मूळ क्रियापदाचें तिसरें रूप लिहावें व कर्त्यास ‘बाय’ लावून शेवटीं बसवावें. ‘इज रिटन’, ‘वॉज रिटन’, ‘हॅज बीन रिटन’, ‘विल बी रिटन’: काळ बदलतो तो ‘बी’मध्यें, ‘रिटन’ जागचें हलत नाहीं. इतकें साधलें म्हणजे गुण मिळतात. आमची तक्रार पुढची आहे.

‘रामानें पोळी खाल्ली’ येथें क्रियापद पोळीप्रमाणें चालतें, म्हणून मो. के. दामले यांच्या १९११ सालच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून शाळेच्या पुस्तकांपर्यंत यास कर्मणी प्रयोग म्हणतात. तें यथार्थच आहे. परंतु इंग्रजी पॅसिव्हसही आपण तेंच नांव दिलें, आणि मूल ‘द चपाती वॉज ईटन बाय राम’ असें भाषांतर करूं लागलें! वास्तविक ‘राम एट द चपाती’ हेंच त्याचें सरळ इंग्रजी होय. मराठींत सकर्मक क्रियापदाचा भूतकाळ बहुधा असाच होतो, व बोलणें रामाविषयींच राहतें. इंग्रजींत कर्म पुढें आलें कीं बोलण्याचा विषयच पालटतो. त्यास जवळची आपली रचना ‘पोळी खाल्ली गेली’ ही. आपल्या ‘त्यानें जावें’ या भावे प्रयोगास मात्र इंग्रजींत पॅसिव्ह नाहीं. अकर्मकापाशीं पुढें आणण्यास कर्मच कोठें आहे?

मग हा प्रयोग योजावा केव्हां? मानपाड्यास घोडबंदर रस्त्यावर मेट्रोचे खांब दिसतात. ‘द पिलर्स वेअर बिल्ट’ म्हटल्यानें कांहीं बिघडत नाहीं, कारण बोलणें खांबांविषयीं आहे. शास्त्राच्या वहींत ‘द वॉटर वॉज हीटेड’ हेंही शोभतें. परंतु वर्गांतील मुलगा ‘द विंडो वॉज ब्रोकन’ एवढेंच लिहितो, तेव्हां चेंडू कोणीं फेंकला हें व्याकरणाच्या आड दडतें. कचेरींतून ‘आपला अर्ज नामंजूर करण्यांत आला आहे’ असें पत्र येतें. नामंजूर कोणीं केला, हें विचारण्यास वाक्यांत माणूसच सांपडत नाहीं. ‘बाय’ गाळण्याची मोकळीक ही या प्रयोगाची सोय, आणि तोच त्याचा धोका. म्हणून प्रयोग बदलण्यास दोन गुण असतील, तर तो कां बदलावा हें सांगण्यास एक तरी असावा असें आम्हांस वाटतें.

आणि हो, ‘शिक्षकांद्वारे मुलें शिकविलीं गेलीं’ असें मराठी तरी मुलांनीं लिहूं नये. ‘शिक्षकांनीं मुलांस शिकविलें’ यांत काय उणें आहे?