नर्सिंगला नीट लागत नाही, हे सांगणे थांबवा

पळसदेव, भिगवण, इंदापूर, बारामती या पट्ट्यातून आलेल्या वाचकांच्या पत्रांत तक्रार एकच आहे. मुलगी बारावी शास्त्र शाखेत पहिल्या प्रयत्नात उत्तीर्ण, सीईटीतही गुण चांगले. पण लष्करी रुग्णालयांच्या नर्सिंग कॉलेजांची जाहिरात आली तेव्हा तिला अर्जच भरता आला नाही. कारण तिने नीट दिलेली नव्हती. का दिली नाही, याचे उत्तरही सगळीकडे सारखेच : ‘नर्सिंगला नीट लागत नाही असे आम्हाला सांगितले.’ सांगितले कोणी? कुठे नर्सिंगच्या पाठ्यनिर्देशिकेने, कुठे कनिष्ठ महाविद्यालयातल्या शिक्षकाने, कुठे आरोग्य केंद्रातल्या सिस्टरने. म्हणजे बहुतेक ठिकाणी आपल्यापैकीच कोणीतरी.

राज्यापुरते ते खरे आहे, आणि म्हणूनच ते इतके सहज बोलले जाते. राज्याच्या बीएस्सी नर्सिंग सीईटीत शंभर प्रश्न, दीड तास, उणे गुण नाहीत. मुलीला परिचारिकाच व्हायचे असेल, तर एमबीबीएसवाल्यांच्या १८० प्रश्नांच्या, ७२० गुणांच्या आणि चुकीला एक गुण कापणाऱ्या परीक्षेत तिला कशाला ढकलायचे, असे कोणालाही वाटेल. पण लष्कराच्या, म्हणजे सैनिकी परिचर्या सेवेच्या, चार वर्षांच्या बीएस्सी नर्सिंगला नीट अनिवार्य आहे. नीटच्या गुणांवरून यादी लागते. त्या यादीत नाव आले तरच पुढे सामान्य बुद्धिमत्ता व इंग्रजीची संगणकीय परीक्षा, मानसशास्त्रीय चाचणी, मुलाखत आणि वैद्यकीय तपासणी. नीट नसेल तर यातले काहीही नाही.

आता तारखा पाहा. २०२५ साली नीटचे अर्ज ७ फेब्रुवारी ते ७ मार्च या काळात भरून घेतले, परीक्षा ४ मे रोजी झाली, निकाल १४ जूनला लागला. लष्कराची जाहिरात अलीकडे येते ती या सगळ्यानंतर. २०२४ साली तर जुलैच्या अखेरीस सुरू झालेले अर्ज ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात बंदही झाले. जाहिरात वाचून जागी होणारी मुलगी त्या वर्षापुरती बाद झालेलीच असते. तिने पुढच्या वर्षी नीट द्यावी म्हटले, तर घरचे एक वर्ष थांबतील का, हा प्रश्न पळसदेवच्या घरात विचारून बघा.

या अटीची सूचना आधी मिळत नाही, असे अधिकाऱ्यांना म्हणता येणार नाही. नीटच्या माहितीपुस्तिकेत लष्करी रुग्णालयांतल्या बीएस्सी नर्सिंगसाठी नीट आवश्यक असल्याचा मजकूर असतो. पण ती पुस्तिका कोण उघडते? जी नीट देणार आहे ती. जिला नीट लागत नाही असे सांगितले गेले, तिच्यासाठीची सूचना नेमकी त्याच पुस्तिकेत ठेवलेली आहे. ज्याच्या हे लक्षात येत नाही, त्याने एकदा बारावीच्या वर्गात उभे राहून किती मुलींना हे माहीत आहे ते विचारावे. हात वर होणार नाहीत.

आमची मागणी साधी आहे. सैनिकी परिचर्या सेवेने पूर्ण जाहिरात नंतर काढावी, पण नीटचे अर्ज सुरू होण्याआधी, डिसेंबरातच, एक पानाची पूर्वसूचना द्यावी : पुढील वर्षी प्रवेश होणार आहेत, नीट लागेल, बारावी पहिल्याच प्रयत्नात नियमित विद्यार्थिनी म्हणून किमान पन्नास टक्क्यांनी उत्तीर्ण हवी, उंची एवढी हवी. ती सूचना मराठीत असावी आणि राज्याच्या सीईटी कक्षाने आपल्या नर्सिंगच्या पानावरही ती लावावी. दोन कार्यालयांनी एकमेकांना एक पत्र लिहिण्याएवढेच हे काम आहे. सैनिकी परिचर्या सेवा १ ऑक्टोबर १९२६ रोजी कायमस्वरूपी उभी राहिली. १ ऑक्टोबर २०२६ला तिला शंभर वर्षे होतील. समारंभ होतील, भाषणे होतील. शताब्दीच्या वर्षात हे एक पान निघाले, तर त्याचा उपयोग समारंभांपेक्षा जास्त होईल.

या जागा किती, याची कल्पना असलेली बरी. देशात सहा कॉलेजे, २२० जागा. त्यांपैकी पुण्याच्या सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयात ४० आणि मुंबईच्या आयएनएचएस अश्विनी या नौदल रुग्णालयात ४०, म्हणजे ८० जागा आपल्या राज्यात, आपल्या नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाच्या कक्षेतल्या. त्या मराठी मुलींसाठी राखीव नाहीत आणि नसाव्यात. देशभरातल्या मुली त्यांसाठी झगडतात. पण झगडायला आधी रिंगणात उतरावे लागते. पळसदेवहून पुणे-सोलापूर रस्त्याने या पुण्यातल्या कॉलेजची वानवडी काही तासांवर आहे. तरी तिथल्या वर्गात बसण्याची वाट आपल्या मुलींना माहीत नसते, आणि केरळच्या मुलीला ती घरातल्या मावशीकडून कळलेली असते.

आणि मिळते काय? निवास, भोजन, गणवेशाचा भत्ता, दरमहा विद्यावेतन, आणि चार वर्षांनंतर लेफ्टनंटच्या हुद्द्याने नेमणूक. उजनी धरणाच्या पाण्यात जमिनी गेलेली, उरलेल्या एकरांवर ऊस लावणारी घरे आपल्या वाचकांच्या रोजच्या ओळखीची आहेत. खासगी नर्सिंग कॉलेजची फी भरायला हे लोक कारखान्याच्या बिलाची वाट बघतात, बिल लांबले तर सोसायटीकडे जातात. त्या घरातल्या मुलीला विनाखर्च पदवी आणि अधिकारीपद मिळण्याची ही सरळ वाट आहे. तिथले विद्यार्थी जीवन मोकळे नसते, हेही तिला सांगा. वसतिगृहातली हजेरी, बाहेर पडण्याची परवानगी, वॉर्डातली पोस्टिंग, जवान आणि त्यांच्या कुटुंबांची शुश्रूषा, आणि त्यातून वेळ काढून सत्रांत परीक्षा. ज्या मुलीला कॉलेज म्हणजे गॅदरिंग वाटते, तिने तिकडे जाऊ नये. जिला काम शिकायचे आहे तिला इतका कसून दिलेला वॉर्डाचा अनुभव सहसा मिळत नाही.

करारनाम्याबद्दल मात्र लपवाछपवी नको. शिक्षण शासन देते ते सेवेच्या बदल्यात. करार मोडला तर पैसे भरावे लागतात, आणि बदली देशात कुठेही होते. वडिलांनी आणि मुलीने तो कागद सहीपूर्वी पूर्ण वाचावा. इंग्रजी येत नसेल तर आपल्यापैकी कोणीतरी शेजारी बसून वाचून दाखवावा. ‘सगळे फुकट आहे, सही करा’ असे सांगणारा मार्गदर्शक त्या घराचे नुकसानच करतो.

दुसरी एक समजूत अजून गावागावांत फिरते : लष्करात परिचारिका झाली की लग्न करता येत नाही. प्रवेशाच्या वेळी अविवाहित असण्याची अट आहे. घटस्फोटित, कायद्याने विभक्त आणि अपत्याची जबाबदारी नसलेल्या विधवाही अर्ज करू शकतात. पण नेमणुकीनंतर लग्न केले म्हणून काढून टाकणे बेकायदा आहे. लेफ्टनंट सेलिना जॉन यांना १९८८ साली लग्नाच्या कारणाने सेवेतून मुक्त केले गेले. ज्या सूचनेच्या आधारे हे झाले ती १९७७ची सूचना १९९५ साली मागे घेतली गेली, पण त्यांचा लढा चालूच राहिला. फेब्रुवारी २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती संजीव खन्ना व न्यायमूर्ती दीपंकर दत्त यांच्या खंडपीठाने तो नियम उघड मनमानी आणि स्त्री-पुरुष भेदभाव करणारा ठरवला आणि ६० लाख रुपये भरपाई द्यायला लावली. अठराव्या वर्षी स्थळे बघायला लागलेल्या घरात हा निकाल सांगणे आपले काम आहे. ज्यांना सांगायचे ते आपल्या ओपीडीत दर आठवड्याला येतात.

वैद्यकीय तपासणीतली गळती ही तिसरी गोष्ट, आणि इथे तर आपण अगदी मोकळे सुटू शकत नाही. लेखी, मुलाखत सगळे पार करून मुलगी तपासणीत अडकते. उंची १५२ सेंटिमीटर लागते, तिला इलाज नाही. पण रक्तक्षय, दात, कान, डोळे, वजन? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक स्त्रियांत रक्तक्षय आढळला. लोह-फोलिक ॲसिडच्या गोळ्या उपकेंद्रात असतात, आणि हिमोग्लोबिन बघायला लागतो एक थेंब. अकरावीत असतानाच बघा. वर्षभर वेळ असतो, उपचाराला पुरेसा.

अधिकाऱ्यांना दोष देऊन झाला. आता आपले काम. जिथे जिथे हा अंक जातो तिथल्या प्रत्येक पाठ्यनिर्देशिकेने, प्रत्येक आरोग्य केंद्रातल्या परिचारिकेने पुढच्या पंधरवड्यात जवळच्या कनिष्ठ महाविद्यालयात एकदा जावे. फक्त तीन वाक्ये सांगावीत. परिचारिका व्हायचे असले तरी नीटचा अर्ज भरा. लष्करी कॉलेजला नीटचेच गुण लागतात. सीईटीही द्या, कारण राज्याचे प्रवेश त्यातून होतात. २०२५ला नीटचे शुल्क खुल्या वर्गाला १७०० रुपये होते, इतर मागासवर्गीयांना १६००, अनुसूचित जाती-जमातींना १०००. घरात ही रक्कम नसेल तर गावातल्या शिक्षकांनी, ग्रामपंचायत सदस्यांनी, आपण स्वतः ती भरावी. एका मुलीचा अर्ज रोखायला एवढी रक्कम पुरते, हेच लाजिरवाणे आहे. नीटची केवळ पात्रता मिळाली म्हणजे यादीत नाव येईलच असे नाही, म्हणून बारावीच्या भौतिक, रसायन, जीवशास्त्राचा पाया पक्का असलेल्या मुलींना वेगळे काढा, आणि इंग्रजीचे एक पान रोज वाचायला लावा. पहिल्या प्रयत्नाची अट आहे, तेव्हा नापास होऊन पुरवणी परीक्षेला बसण्याची वेळ येऊ देऊ नका.

सैनिकी परिचर्या सेवेतून निवृत्त झालेल्या आणि पुणे, सातारा, बारामती भागात राहणाऱ्या अधिकारी सिस्टरना आमचे खास आवाहन आहे. तुमच्या खांद्यावरचे तारे बघून मुलीचे वडील जितके लवकर मान डोलावतील, तितके आमच्या भाषणाने डोलावणार नाहीत. पळसदेव, भिगवण, लोणी देवकर, इंदापूर, बारामती इथली कनिष्ठ महाविद्यालये तुम्हाला बोलावतील याची व्यवस्था आम्ही करू. कधी आणि कुठे येऊ शकाल एवढे मासिकाच्या पत्त्यावर कळवा. नीटचे अर्ज सुरू होण्याआधी या फेऱ्या संपल्या पाहिजेत.