‘घरची आहे, केमिकल नाही’ हे मला सांगू नका

“घरचीच आहे जी डॉक्टरसाहेब, मोहाची. केमिकल नाही तिच्यात.”

पोटात पाणी झालेला, डोळे पिवळे पडलेला माणूस समोर बसून मला हे सांगतो. शेजारी बायको मान डोलावते. बाजारची बाटली घेणारा तो वाईट, आपण घरचं घेणारे बरे, असा तो हिशोब. भंडारा जिल्ह्यात, विशेषतः झाडीपट्टीच्या बाजूला दवाखाना चालवणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला हे वाक्य पाठ असेल.

अलीकडे तेच वाक्य नव्या कपड्यांत येतं. पुण्यात नोकरी करून घरी परतलेला एक तरुण मला विचारत होता, “सर, घरी बिअर करायची आहे, छंद म्हणून. व्हिडिओ पाहिलेत. माल्ट, हॉप्स, यीस्ट मागवतोय. प्रिझर्व्हेटिव्ह नाही, तर तब्येतीला चांगलीच ना?” आजोबांची मोहाची आणि नातवाची माल्टची, युक्तिवाद एकच. तो चुकीचा आहे, आणि तो चालू राहायला आम्ही डॉक्टरही थोडे जबाबदार आहोत.

कारण आम्ही वर्षानुवर्षं एकच भीती घातली: घरची दारू म्हणजे विषारी, प्यायलात तर आंधळे व्हाल. लोक बघतात, की आजोबा चाळीस वर्षं पीत होते आणि आंधळे झाले नाहीत. मग डॉक्टर खोटं बोलतो असं ठरतं, आणि त्यानं सांगितलेलं खरंही ऐकलं जात नाही.

तर आधी खरं सांगतो. आंधळं करतं ते मिथेनॉल. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल होतं आणि ते डोळ्यांच्या नसेवर घाव घालतं. मुंबईत मालवणीला जून २०१५ मध्ये शंभराहून अधिक माणसं गेली, तमिळनाडूत कल्लाकुरिचीला जून २०२४ मध्ये साठाहून अधिक. अशा घटनांमागे बहुतेक वेळा कारखान्यात वापरायचं मिथेनॉल दारू म्हणून विकणारा माणूस असतो. नुसत्या आंबवण्यातून एवढं मिथेनॉल तयार होत नाही. फळांतल्या पेक्टिनपासून थोडं होतं, धान्याच्या बिअरमध्ये नगण्य. म्हणजे त्या तरुणाच्या बादलीतली बिअर त्याला आंधळं करणार नाही. नीट उकळलेल्या, हॉप्स घातलेल्या बिअरमध्ये रोगजंतूही सहसा तग धरत नाहीत. आंबणं पूर्ण व्हायच्या आत बाटल्या बंद केल्या तर त्या फुटतील आणि काच डोळ्यात जाईल, हा धोका मात्र खरा आहे.

भट्टीची गोष्ट वेगळी. मोहफूल, गूळ, नवसागर घालून सडवा मुरवायचा आणि मग गाळायचा. त्यात कोण काय टाकतं, पिंपात आधी काय भरलेलं होतं, नळी कसली, हे पिणाऱ्याला कळत नाही. शिवाय आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ म्हणून जिचं कौतुक होतं, ती सुरुवातीची धार जगभरचे जाणते दारू गाळणारे फेकून देतात. ॲसिटाल्डिहाइडसारखी हलकी, झोंबणारी द्रव्यं तिच्यातच जास्त उतरतात. पाहुण्याला मानानं देतो ती नेमकी हीच!

पण हे सगळं बाजूला ठेवा. समजा, तुमच्या घरची दारू शंभर टक्के शुद्ध आहे. शुद्ध काय आहे? शुद्ध इथेनॉल. यकृत सडवतं ते हेच. ते ‘केमिकल’ नाही असं कुणी सांगितलं? मोहाचं असो, माल्टचं असो की कारखान्यातल्या मळीचं, रेणू एकच. यकृताला गाव कळत नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेनं १९८८ मध्येच मद्याला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात घातलं. तंबाखूचा धूरही त्याच गटात आहे. दारूची निर्धोक अशी मात्राच नाही, हे जागतिक आरोग्य संघटनेनं जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं.

आता त्या छंदाचा हिशोब करू. वीस लिटरची एक बादली, पाच टक्क्यांची बिअर. तिच्यात साधारण ७९० ग्रॅम अल्कोहोल. विदेशी दारूच्या एका क्वार्टरमध्ये, म्हणजे १८० मिलीत, साधारण ६० ग्रॅम. म्हणजे एका बादलीत तेरा क्वार्टर. दुकानातून तेरा क्वार्टर आणताना माणूस पैसे मोजतो, घरच्यांची नजर चुकवतो. घरी केलेली पलंगाखाली पडून असते, ‘खराब होईल’ म्हणून संपवली जाते, मित्रांना वाटली जाते. मोहाच्या कॅनचं तर विचारूच नका; त्यावर टक्केवारीचं लेबलच नसतं. किती घेता विचारलं की उत्तर ‘दोन गिलास’. दोन गिलास म्हणजे किती, हे त्यालाही ठाऊक नाही आणि मलाही नाही.

कायद्याचंही सांगून टाकतो. महाराष्ट्र दारूबंदी कायदा १९४९ चा आहे, आणि परवान्याशिवाय दारू बनवणं त्यात गुन्हा आहे, बिअरसुद्धा. अमेरिकेत घरच्या बिअरला १९७८ च्या कायद्यानं मोकळीक मिळाली, व्हिडिओतली मंडळी त्या भरवशावर बोलतात. घरी दारू गाळायला मात्र त्या कायद्यानं मोकळीक दिली नाही.

मोहाच्या झाडावर माझा राग नाही. फुलात भरपूर साखर असते, लाडू करा, भाकरीत घाला. आंबवायचीच हौस असेल तर ज्वारीची आंबील आहे. पण बाळंतिणीला ‘अंगात ऊब येते’ म्हणून मोहाची पाजू नका. ती दुधातून बाळापर्यंत जाते. सिकलसेल आपल्या भागात घरोघरी ऐकू येतो. दारूनं शरीरातलं पाणी कमी होतं आणि दुखण्याचा झटका येऊ शकतो. टीबीच्या गोळ्या चालू असतील तर त्यातल्या तीन औषधांचा भार आधीच यकृतावर असतो. त्यावर घरची काय नि दारची काय.

एक मात्र नीट ऐका. रोज सकाळपासून घेणाऱ्याची दारू हा लेख वाचून घरच्यांनी एकदम बंद करू नये. काही तासांत हात थरथरतात, घाम येतो, एक-दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन-तीन दिवसांत माणूस भ्रमात जाऊन भिंतीशी बोलू लागतो, आणि यात जीवही जातो. त्याला आधी दवाखान्यात आणा. गोळ्या आणि थायमिन देऊन दारू सोडवता येते. येताना घरातला तो गिलास सोबत आणा. त्यात पाणी भरून मोजतो, म्हणजे निदान किती प्यायला ते तरी कळेल.