शंभरीचा भ्रम

फॅरनहाइटचे अभिमानी म्हणतात, 'शून्य ते शंभर ही माणसाला सोसणाऱ्या हवेची नेमकी पट्टी!' ती १७२४ साली थंड युरोपात जाहीर झाली, हे ते सोयीस्कर विसरतात. आमच्या नागपुरात वैशाखात पारा ११३ वरही जातो. मग नागपूरकर काय माणसांत जमा नाहीत? उलट सेल्सिअसचे ४० पाहा. मैदानी मुलखात हवामान खाते उष्णतेच्या लाटेचा विचार याच आकड्यापासून सुरू करते. घरातला ताप खुशाल १०२ म्हणा. आजीची ती सवय मोडू नका. पण बाहेरच्या उन्हाचा हा एक आकडा घरोघर पाठ हवा. चाळीस ऐकताच दारापुढे खडी फोडणाऱ्याला सावलीत बोलवा, पाणी द्या. मापांचा वाद त्याला परवडत नाही!