वीस मीटरचे अंतर

३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात, गोठणगावच्या सफारी मार्गावर, 'एफ-२' ही वाघीण पाच बछड्यांना घेऊन रस्त्यावर आली आणि पर्यटकांच्या जिप्सींनी तिला दोन्ही बाजूंनी कोंडले. तिथे काढलेली चित्रणे समाजमाध्यमांवर फिरली, संतापाची लाट उसळली, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने बातम्यांची स्वतःहून दखल घेतली. चालक आणि गाईड निलंबित झाले. पुढच्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयानेच व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातल्या पर्यटन भागात मोबाइल वापरू देऊ नये, असे बजावले. ताडोबाच्या गाभा क्षेत्रात तर ही बंदी त्याआधीपासूनच आहे.

बंदी आली की कुरकुर येते, तशी ती याही वेळी आली. एवढे पैसे भरून, पहाटे चारला उठून, थंडीत कुडकुडत जायचे आणि आठवण म्हणून दोन मिनिटांचा व्हिडिओही काढायचा नाही? मोठाले कॅमेरे चालतात, मग मोबाइलनेच काय घोडे मारले? प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मोबाइलच्या भिंगात आहे.

मोबाइलचे मुख्य भिंग रुंद दृश्य टिपण्यासाठी बनवलेले असते. जेवणाचे ताट, मित्रांचा घोळका, देवळाचे आवार अशा जवळच्या गोष्टी त्यात सुरेख येतात. २० मीटरवर उभा असलेला पूर्ण वाढीचा वाघ मात्र उभ्या पडद्यावर नखाएवढा दिसतो. झूम केले तर बऱ्याच मोबाइलमध्ये अंगावरचे पट्टे धूसर होतात. आणि २० मीटर हा आकडा कुणी सहज सांगितलेला नाही. राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाच्या २०१२च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार पर्यटकांच्या वाहनाने वन्यप्राण्यापासून किमान एवढे अंतर राखायचे असते. म्हणजे नियम पाळला, तर मनाजोगते रील होत नाही. रील मनाजोगते हवे असेल, तर नियम मोडावा लागतो. लांब पल्ल्याच्या लेन्सला निदान दूर थांबणे परवडते, मोबाइलला ते परवडत नाही.

पुढे काय होते, ते सफारीला गेलेल्या कुणालाही विचारावे. वाघ दिसतो. जिप्सीतली सहाही माणसे सीटवर उभी राहतात, हात वर जातात. पाठीमागून कुजबुज येते, "दादा, थोडं पुढे घ्या ना." चालकाला नियम माहीत असतो, पण दिवसाची बक्षिसीही माहीत असते. तो गाडी चार हात पुढे घेतो. मागच्या जिप्सीतल्यांच्या पडद्यावर आता वाघाऐवजी पुढच्या गाडीचे चाक येऊ लागते, म्हणून ती कडेने सरकते. तिसरी वळसा घालून समोरून येते. चौथीला उशीर झालेला असतो, ती धुरळा उडवत येते आणि उरलेली फट बुजवते. घेराव घालायचे कुणीच ठरवलेले नसते. प्रत्येकाने गाडी फक्त थोडी पुढे घेतलेली असते. आणि जिथे मोबाइलला रेंज मिळते तिथे या गाईडने त्या गाईडला कळवायचे की बातमी पसरते आणि दहा मिनिटांत आणखी गाड्या हजर होतात. मोबाइल हातात असला की तो दोन्ही कामे करतो, गर्दी बोलावतो आणि गर्दीला जवळ ढकलतो.

वाघिणीच्या बाजूने हे पाहायला हवे. जंगलातला मातीचा रस्ता वाघांना आवडतो. पाय मऊ पडतो, आवाज होत नाही. बछडी जवळपास दोन वर्षे आईच्या जिवावर असतात. ती लहान असताना आई त्यांना बांबूच्या बेटात बसवून शिकारीला जाते, परत येते, मग त्यांना मारलेल्या जनावराकडे किंवा पाणवठ्याकडे नेते. अशा वेळी ती रस्त्याच्या अलीकडे आणि दोन पिल्ले पलीकडे राहिली आणि मध्ये गाड्यांची भिंत उभी राहिली, तर तिने करायचे काय? चवताळून गाडीवर आली, तर उद्या तिच्यावर 'हल्लेखोर' असा शिक्का बसणार. मागे फिरली, तर पिल्ले पलीकडेच राहणार. पंधरा सेकंदांच्या रीलमध्ये यातले काहीच दिसत नाही. त्यात फक्त वाघिणीचा चेहरा दिसतो, वर कुठल्या तरी सिनेमातले गाणे वाजत असते.

छायाचित्रणाशी आमचे भांडण नाही. देशातली व्याघ्रगणना आज कॅमेरा ट्रॅपच्या छायाचित्रांवर उभी आहे. प्रत्येक वाघाचे पट्टे वेगळे असल्याने त्यांवरूनच वाघ ओळखला जातो. चांगल्या वन्यजीव छायाचित्रकारांनी लोकांना जंगलाकडे वळवले, हेही खरेच. पण मोठी लेन्स बाळगणाऱ्यांनी आपण या नियमाच्या बाहेर आहोत, असे समजू नये. समोरून, डोळ्याला डोळा भिडवणारा फोटो हवा म्हणून वाघाच्या वाटेत गाडी आडवी लावणारे त्यांच्यातही आहेत. २० मीटर सर्वांना सारखेच.

शिक्षेच्या बाबतीत मात्र आमचे स्पष्ट मत आहे. जवळच्या गावांतला, सफारीवर पोट असलेला चालक आणि गाईड निलंबित होतात. ते योग्यच, कारण नियम त्यांना ठाऊक असतो. पण सीटवर उभे राहून 'पुढे घ्या' म्हणणाऱ्यावर तेवढ्याच ठामपणे कारवाई व्हायला नको का? आरक्षण करताना ओळखपत्राचा क्रमांक घेतलाच जातो. त्याच क्रमांकावर त्या माणसाला दोन वर्षे राज्यातल्या कुठल्याही व्याघ्र प्रकल्पात प्रवेश नाकारता येईल. जाहिरातीत गाडीच्या बॉनेटला खेटून चाललेला वाघ दाखवणाऱ्या रिसॉर्टलाही वनविभागाने जाब विचारावा. पाहुणा ती जाहिरात बघून येतो आणि तसेच दृश्य मागतो.

मोबाइल गेटवर ठेवला की काय हाती लागते, तेही सांगायला हवे. गाईड इंजिन बंद करायला लावतो. आधी काहीच ऐकू येत नाही. मग दूर वानर खकारते, चितळ तीक्ष्ण ओरडते, गाईड मान वळवून दिशा पकडतो. सांबराने आवाज दिला की त्याचा चेहरा बदलतो, कारण सांबर सहसा उगाच ओरडत नाही. मार्च-एप्रिलात मोहाची फुले गळतात, तेव्हा ती खायला अस्वल येते. ताडोबाच्या तलावाकाठी तारूचे ठाणे आहे. वाघाशी झुंजताना मेलेला हा गावप्रमुख पुढे देव झाला, असे तिथले आदिवासी मानतात आणि जंगलाचे नावही त्याच्यावरूनच पडले, असे सांगतात. वाघ न दिसलेल्या सफारीतही एवढे सगळे असते. हातात मोबाइल धरून फक्त पिवळ्या रंगाची वाट पाहणाऱ्याच्या मात्र हे नजरेतून सुटते.

प्रवास टिपायची आपल्याकडे जुनी, भक्कम रीत आहे. व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्यात राहिले आणि त्यांनी त्या जंगलावर पुस्तक लिहिले. किरण पुरंदरे त्याच नागझिऱ्यात ४०० दिवस राहिले. मारुती चितमपल्लींनी वनखात्यातली सारी नोकरी जंगल वाचण्यात आणि लिहून ठेवण्यात घालवली. ही पुस्तके आजही उघडली की झाड, पाखरू, पाणवठा समोर येतो. आपण सगळेच लेखक नसतो. पण दुपारी मुक्कामावर परतल्यावर सकाळी काय ऐकले, कुठे थांबलो, पाण्यावर कोण आले, एवढे वहीच्या एका पानावर लिहिणे कुणालाही जमते. मुलांना बरोबर नेत असाल, तर त्यांच्या हाती एक पेन्सिल आणि चित्रवही जरूर द्या. काढलेले चितळ वेडेवाकडे आले तरी त्यासाठी त्याच्याकडे पाच मिनिटे नीट बघावे लागलेले असते.

या हंगामात ताडोबा, पेंच, कऱ्हांडला, नागझिरा, मेळघाट, कुठेही जाल, तर मोबाइल गेटवर राजीखुशीने द्या. जिप्सी सुटण्याआधीच चालकाला सांगा, "वाघ दिसला तरी लांबच थांबवा, फोटो नाही आला तरी चालेल." पर्यटकाच्या तोंडून आलेल्या या एका वाक्याने त्याच्यावरचे निम्मे दडपण उतरते. वाघ दिसला नाही, तरी बक्षिसी तेवढीच द्या. आणि गाडीला खेटून चाललेल्या वाघाचे रील कुणी तुम्हाला पाठवले, तर ते पुढे पाठवू नका.