चिकूची वाडी राखली तर ग्रामपंचायतीला किती कर मिळतो? पालघरच्या घरपट्टीचं न जुळणारं गणित

पालघर जिल्ह्याबद्दल सोशल मीडियावर साधारण दोन प्रकारच्या पोस्ट फिरतात. एकीत वाढवण बंदर, बुलेट ट्रेन आणि 'चौथी मुंबई' असते. दुसरीत चिकूच्या वाड्या, खाडी, तिवरं आणि 'हे वाचवा' असं कॅप्शन. खाली कमेंटमध्ये भांडण ठरलेलं. एक गट म्हणतो विकास नको का, दुसरा म्हणतो निसर्ग गेल्यावर काय खाणार.

या सगळ्या भांडणात एक कागद कुणी उघडत नाही. तो म्हणजे ग्रामपंचायतीचा नमुना ८.

नमुना ८ म्हणजे कर आकारणीची नोंदवही. गावात कुणाचं घर किती फुटांचं, पत्र्याचं की स्लॅबचं, दुकान आहे की कारखाना, त्यावर घरपट्टी किती, हे सगळं त्यात लिहिलेलं असतं. आता डहाणू किंवा पालघर तालुक्यातल्या एखाद्या गावात पाच एकरांची चिकूची वाडी आहे असं समजा. या वहीत त्या वाडीसमोर किती रक्कम असेल?

वाडीत घर असेल तर घराची घरपट्टी असेल. वाडीची काहीच नसेल.

यामागे कायदा आहे. महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ च्या कलम १२४ नुसार ग्रामपंचायत इमारतींवर कर लावू शकते आणि ज्या जमिनींना शेतसारा लागत नाही अशा जमिनींवर. शेतजमीन यातून सुटते. शेतसारा तलाठ्याकडे भरायचा आणि तो राज्य सरकारचा. त्यातलं काही अनुदान म्हणून खाली येतं, पण शेतसारा मुळातच इतका किरकोळ असतो की त्यातून गावातला एक हायमास्टही उभा राहणार नाही. जंगल वनखात्याचं. तिवरांची किनाऱ्यावरची जमीन बहुतेक सरकारची. म्हणजे गावाच्या हद्दीत जे जे हिरवं आहे, ते या वहीच्या बाहेर आहे.

वाडी विकली की मात्र मीटर चालू

हीच वाडी बिगरशेती होऊन तिथे तीन मजली इमारत उभी राहिली, तर प्रत्येक फ्लॅटची वेगळी नोंद होते. डिसेंबर २०१५ मध्ये नियम बदलल्यापासून घरपट्टी भांडवली मूल्यावर लागते, म्हणजे जमिनीचा रेडीरेकनर दर आणि बांधकामाचा प्रकार दोन्ही हिशेबात येतात. वापर दुकानाचा किंवा कारखान्याचा असेल तर भारांक आणखी वाढतो.

बरं, इमारत बांधायच्याही आधी जमिनीचा व्यवहार झाला की त्यातून पैसा येतो. ग्रामीण भागातल्या खरेदीखतावर मुद्रांक शुल्कासोबत एक टक्का अधिभार घेतला जातो आणि तो जिल्हा परिषद व ग्रामपंचायतींमध्ये वाटला जातो. म्हणजे जमीन विकली तर पंचायतीला पैसे आणि जमिनीवर बांधलं तर दरवर्षी पैसे. जमीन आहे तशी ठेवली तर मात्र काही नाही.

त्यामुळे एखादे सरपंच बिल्डरच्या बाजूने बोलले की 'मॅनेज झाला' अशी कमेंट लगेच पडते. कधी ती खरीही असेल. पण पूर्ण प्रामाणिक सरपंचसुद्धा याच गणितात अडकलेले असतात. पाणीपुरवठ्याचं वीजबिल, दिवाबत्ती, कर्मचाऱ्यांचे पगार, कचऱ्याची गाडी हे सगळं पंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातून ओढावं लागतं. वित्त आयोगाचे पैसे येतात, पण पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामीण अनुदानाचा ६० टक्के भाग पाणी आणि स्वच्छतेसाठी बांधून ठेवला होता. हातात मोकळा खेळता पैसा हवा असेल तर घरपट्टीच वाढायला हवी.

मग बोईसर श्रीमंत असायला हवं ना?

तारापूर एमआयडीसी सत्तरच्या दशकात आली. तिचा पसारा बोईसर, सरावली, कुंभवली, कोलवडे, सालवड, पाम अशा अनेक गावांच्या आसपास आहे. कारखाने म्हणजे कर, हे तर उघडच आहे. कायद्याचं कलम १२५ असंही सांगतं की पंचायत कारखान्याशी करार करून सगळ्या करांच्या बदल्यात एक ठोक रक्कम घेऊ शकते. ऐकायला सोयीचं आहे. पण एका बाजूला कारखानदाराचे सल्लागार आणि दुसऱ्या बाजूला पाच वर्षांसाठी निवडून आलेली बॉडी असेल, तर ती ठोक रक्कम कुणाच्या सोयीची ठरण्याची शक्यता जास्त, हे वेगळं सांगायला नको.

खरी गोची वेगळी आहे. कर कारखाना ज्या गावात उभा आहे त्या गावाला मिळतो, सांडपाणी मात्र गावाची हद्द पाळत नाही. तारापूरचं सांडपाणी नवापूरच्या बाजूने समुद्रात जातं. त्याचा त्रास खाडीत आणि किनाऱ्यावर मासेमारी करणाऱ्यांना होतो, ज्यांच्या पंचायतीच्या वहीत त्या कारखान्यांचं नावही नसतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या निर्देशांकात तारापूर ९३.६९ गुणांसह देशातलं सर्वात प्रदूषित औद्योगिक क्षेत्र ठरलं होतं. हे प्रकरण राष्ट्रीय हरित लवादाकडे नेलं ते अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने, म्हणजे मच्छीमारांनी. २०२२ मध्ये लवादाने कारखाने आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्र यांच्यावर मिळून शंभर कोटींहून अधिक पर्यावरण भरपाई लावली.

आता ही भरपाई आणि वर्षानुवर्षं पंचायतींना मिळालेली घरपट्टी एकाच कागदावर मांडून बघा. असा हिशेब कुठल्याच सरकारी कागदात मांडला जात नाही. पंचायतीच्या जमाखर्चात कारखान्याचा कर 'जमा' बाजूला येतो, मेलेले मासे कुठल्याच बाजूला येत नाहीत.

शिवाय कारखान्यांमागोमाग कामगार आले, चाळी आल्या, इमारती आल्या. त्यांची घरपट्टी आली तसा कचरा, गटारं आणि पाण्याची मागणीही आली. बोईसरला नगरपरिषद करा ही मागणी जुनी आहे, कारण एवढी वस्ती ग्रामपंचायतीच्या ताकदीबाहेरची आहे. अमेरिकेत 'अमेरिकन फार्मलँड ट्रस्ट' ही संस्था अनेक वर्षं याच प्रश्नाचा हिशेब ठेवते. त्यांच्या अभ्यासांचा मध्य असा, की निवासी वस्तीतून स्थानिक संस्थेला १ डॉलर कर मिळाला तर त्या वस्तीच्या सेवांवर साधारण १ डॉलर १६ सेंट खर्च होतात. शेती आणि मोकळ्या जमिनीवर मात्र ३५ सेंटच्या आसपास. थोडक्यात, शेत कर कमी देतं पण मागतही कमी. (त्याच अभ्यासात उद्योग-व्यापारही फायद्याचाच दिसतो, हे लपवायचं कारण नाही. फक्त नवापूरच्या समुद्रासारखा खर्च त्यात धरलेला नसतो.)

आपल्याकडे हा हिशेब अर्धाच लागू होतो, कारण इथे शेत पंचायतीला काहीच देत नाही. ३५ सेंटच्या समोर ठेवायला इथे डॉलरच नाही.

डहाणूला संरक्षण मिळालं, पण पैसे?

पालघरच्या शेजारचा डहाणू तालुका २० जून १९९१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरला. प्रदूषण करणाऱ्या 'लाल' गटातल्या उद्योगांना बंदी आली आणि संपूर्ण तालुक्यात उद्योगांसाठी ५०० एकरांची कमाल मर्यादा ठरली. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण नेमलं गेलं आणि न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी २०१९ मध्ये निधन होईपर्यंत त्याचे अध्यक्ष होते. देशात इतकं कडक संरक्षण फार कमी तालुक्यांना मिळालं. बाकी कोकण किनाऱ्याकडे बघितलं तर डहाणूच्या वाड्या अजून उभ्या आहेत यात या व्यवस्थेचा वाटा मोठा आहे, असं मला वाटतं. डहाणू-घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.

पण त्या अधिसूचनेत काय करायचं नाही हे सविस्तर होतं, आणि जे करायचं नाही त्याच्या बदल्यात तालुक्यातल्या पंचायतींना काय मिळणार, याची तरतूद नव्हती. मुंबईपासून सव्वाशे किलोमीटरवरच्या एका तालुक्याने औद्योगिक उत्पन्न सोडायचं, शुद्ध हवेचा फायदा सगळ्यांनी घ्यायचा आणि बिल मात्र त्या तालुक्याच्या पंचायतींनी भरायचं, अशी ही रचना झाली. आदिवासी भागातल्या पंचायतींना २०१५ पासून पेसाचा ५ टक्के अबंध निधी मिळतो, तो मोठा आधार आहे. पण तो आदिवासी लोकसंख्येसाठी आहे. जंगल राखलं म्हणून तो वाढत नाही आणि तोडलं म्हणून कमी होत नाही.

याच तालुक्याच्या किनाऱ्यावर आता वाढवण बंदर होतंय. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने ना-हरकत दिली, एप्रिल २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्याविरुद्धच्या याचिका फेटाळल्या, १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्टला पंतप्रधानांनी पालघरमध्ये भूमिपूजन केलं. समुद्रात भराव टाकून १,४४८ हेक्टर जमीन तयार होणार आहे.

या १,४४८ हेक्टरची नोंद कुठल्या गावाच्या नमुना ८ मध्ये होणार, हा प्रश्न अजून कुणी मोठ्याने विचारलेला ऐकू येत नाही. तो गमतीचा नाही. बंदरात ७४ टक्के वाटा जेएनपीएचा आहे. याच जेएनपीएचं उरणचं बंदर १९८९ मध्ये सुरू झालं आणि त्यानंतर मालमत्ता कर कुणाला, किती आणि कशावर द्यायचा यावरून बंदर आणि आजूबाजूच्या ग्रामपंचायतींमधला वाद वर्षानुवर्षं चालला, न्यायालयापर्यंत गेला. म्हणजे जमीन गेली, कोळीवाडा हलला आणि निदान कर तरी मिळेल म्हणून बसलेल्या पंचायतींना त्यासाठीही भांडावं लागलं.

दुसरी गोष्टही नोंदवायला हवी. एवढा कर येण्याची शक्यता असूनही वाढवण, वरोर, चिंचणी या भागातले मच्छीमार, बागायतदार आणि डायमेकिंगचे कारागीर बंदराच्या विरोधातच आहेत. त्यांच्यासाठी हिशेब घरपट्टीचा नाहीच, रोजच्या कमाईचा आहे. घोळ आणि पापलेट विकून आलेला पैसा पंचायतीच्या वहीत दिसत नाही, पण गावातली घरं त्यावरच चालतात.

मग करायचं काय?

'निसर्ग वाचवा' असं पंचायतीला सांगायचं असेल तर वाचवलेल्या निसर्गाचे पैसे पंचायतीपर्यंत पोचायला हवेत. जगात हे झालेलं आहे. ब्राझीलच्या पाराना राज्याने १९९१ मध्ये ठरवलं की नगरपालिकांना वाटायच्या विक्रीकराच्या वाट्यातला ५ टक्के भाग संरक्षित जंगलं आणि पाणलोट क्षेत्रं बघून द्यायचा. पिराक्वारा नावाच्या नगरपालिकेची ९० टक्क्यांहून जास्त जमीन कुरिचिबा महानगराच्या पाणलोटात अडकली होती, तिथे कारखाने येऊच शकत नव्हते. आधी तोटा वाटणारी तीच जमीन तिचं उत्पन्न बनली. अमेरिकेत १९७६ पासून केंद्राच्या मालकीच्या जंगलांबद्दल स्थानिक काउंटींना करभरपाई मिळते, कारण त्या जमिनीवर त्यांना कर लावता येत नाही.

आणि भारतात? इथे अर्धं काम झालेलं आहे. चौदाव्या वित्त आयोगाने केंद्रीय करांचं राज्यांना वाटप करताना वनक्षेत्राला ७.५ टक्के महत्त्व दिलं, पंधराव्याने ते १० टक्के केलं. म्हणजे महाराष्ट्राला दिल्लीतून जो वाटा मिळतो, त्यात जव्हार-मोखाड्याच्या जंगलाचाही हिस्सा मोजला जातो. पण ते पैसे मुंबईत येऊन राज्याच्या तिजोरीत मिसळतात. पंचायतींच्या अनुदानात तर जंगल मोजलंच गेलं नाही. पंधराव्या आयोगाने ते राज्याराज्यांत वाटताना ९० टक्के लोकसंख्या आणि १० टक्के क्षेत्रफळ बघितलं. मोखाड्याचं जंगल राज्याला कमावून देतं, मोखाड्यातल्या पंचायतीला नाही.

हे बदलायला घटनादुरुस्ती लागत नाही. राज्याचा स्वतःचा वित्त आयोग असतो, पंचायतींना कशाच्या आधारावर पैसे द्यायचे याची शिफारस तोच करतो. त्यात जंगल, तिवरं, पाणथळ जागा आणि बागायतीखालची जमीन हा निकष घालता येतो. अडचणी आहेत, हे मान्य. मोजणी कुणी करायची, कागदावरचं जंगल आणि जमिनीवरचं जंगल यात फरक निघाला तर काय, आणि जिथे आधीच जंगल गेलंय त्या वसई-विरारकडच्या भागाने हे का मान्य करावं? पारानातही सुरुवातीला नुसतं क्षेत्रफळ बघून भागलं नाही, नंतर जंगलाची अवस्थाही तपासावी लागली.

दुसरा रस्ता गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाने दाखवला. २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाल्यावर आणि २०११ मध्ये बांबू वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आल्यावर गावाने जंगल न संपवता त्यातूनच उत्पन्न काढलं. पालघरच्या डोंगराळ तालुक्यांत हे शक्य आहे. किनाऱ्यावर केळव्यासारख्या ठिकाणी सुरूची बनं आणि समुद्र बघायला येणाऱ्या पर्यटकांमुळे रिसॉर्टची घरपट्टी येते, तोही एक मार्ग आहे. मात्र रिसॉर्ट वाढले की पाणी आणि कचऱ्याचा बोईसरसारखाच प्रश्न उभा राहतो.

तोवर एक साधी गोष्ट तुमच्या हातात आहे. नमुना ८ हे गावाचं रेकॉर्ड आहे, ते ग्रामपंचायतीत जाऊन बघता येतं, नाही दाखवलं तर माहिती अधिकारात मागता येतं. तुमच्या हद्दीतल्या कारखान्याची, गोदामाची, रिसॉर्टची आकारणी किती फुटांवर झाली आहे आणि प्रत्यक्षात बांधकाम किती आहे हे ग्रामसभेत विचारा. कलम १२५ खाली ठोक रकमेचा करार असेल तर तो शेवटचा कधी बदलला हेही विचारा. आधीच उभ्या असलेल्या बांधकामाचा पूर्ण कर वसूल झाला, तर निदान 'उत्पन्नासाठी' पुढची वाडी बिगरशेती करण्याची घाई कमी होईल.

वाढवणच्या बाबतीत हा प्रश्न आत्ताच विचारावा लागेल. भराव पूर्ण होऊन त्यावर कंटेनर यार्ड उभं राहिल्यावर उरणसारखी तारीख पे तारीख सुरू होईल.