पोत्यावरचा प्रथिनांचा आकडा अर्धाच खरा

नवेगाव बांधचा परिसर धानाचा. कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांवर इथली शेती उभी राहिली. गुरांपुढे पडते ते तणस, कोंडा आणि परवडेल तेवढी ढेप. सोयाबीनचा मोठा पट्टा इथून पश्चिमेला, नागपूर-वर्धा-यवतमाळकडे. त्यामुळे अर्जुनी मोरगाव तालुक्यात गाय किंवा कोंबड्या पाळणाऱ्याच्या हाती सोयाबीन येते ते बहुतेक वेळा बंद पोत्यातून. त्याला किती आच लागली, हे मात्र पोते सांगत नाही.

आणि सोयाबीनचा गुण आचेवरच ठरतो.

कच्च्या दाण्यात प्रथिने ४० टक्क्यांच्या आसपास असतात, पण सोबत ट्रिप्सिन इनहिबिटरही असतो. ट्रिप्सिन हे प्रथिने पचवणारे विकर. त्याचेच काम हा घटक अडवतो. कच्चे सोयाबीन खाणाऱ्या कोंबडीचे स्वादुपिंड सुजते, वाढ खुंटते, खाल्लेले विष्ठेतून निघून जाते. ऑस्बोर्न आणि मेंडेल या अमेरिकी शास्त्रज्ञांनी १९१७ मध्येच दाखवले होते की कच्च्या सोयाबीनवर उंदीर वाढत नाहीत, शिजवलेल्यावर वाढतात. प्रौढ गाईच्या पोटातले सूक्ष्मजीव हा दोष बराच निभावून नेतात, वासराचे पोट नाही. शिवाय कच्च्या दाण्यातले युरिएज हे विकर युरियातून झपाट्याने अमोनिया सोडते. म्हणून युरिया मिसळलेल्या खाद्यात कच्चे सोयाबीन घालणे गाईच्या जिवावर बेतू शकते.

मग भरपूर भाजावे का? तेही नाही. आच जास्त झाली की लायसिन हे अमिनो आम्ल साखरेशी बांधले जाते. ढेप तपकिरी होते, वास खमंग येतो आणि गिऱ्हाईक फसते. कोंबडीच्या वाढीला जे लायसिन हवे, तेच तिला मिळत नाही.

पोत्यावरचा प्रथिनांचा आकडा यातले काहीच पकडत नाही. तो नत्र मोजून, त्याला ६.२५ ने गुणून काढलेला असतो. कच्ची, नीट शिजलेली आणि करपलेली, तिन्ही ढेपींचा आकडा जवळपास सारखाच निघतो. पैसे मोजणाऱ्या पशुपालकावर हा सरळ अन्याय आहे.

फरक ओळखणाऱ्या चाचण्या जुन्या आहेत आणि महागही नाहीत. पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या सौम्य द्रावणात नीट शिजलेल्या ढेपीची साधारण ७८ ते ८५ टक्के प्रथिने विरघळतात. आकडा ७० च्या खाली घसरला तर माल करपलेला. दुसरी, युरिएज ओळखणारी चाचणी त्याहून सोपी. युरिया आणि फिनॉल रेडचे पिवळसर द्रावण ढेपीच्या भुकटीवर ओतायचे. सगळी भुकटी झटकन लाल झाली तर ढेप कच्ची, तुरळक लाल ठिपके उमटले तर ठीक, पाच मिनिटांनंतरही लाली आलीच नाही तर ती जास्त शिजली असण्याचा संशय घ्यावा.

खाद्य कंपन्या कच्चा माल घेताना अशा चाचण्या करतात. मग तीच माहिती शेवटच्या गिऱ्हाइकापासून दूर का ठेवायची? सोयाबीन असलेल्या प्रत्येक खाद्याच्या पोत्यावर, वापरलेल्या ढेपीचे युरिएज आणि विद्राव्य प्रथिनांचे आकडे छापणे शासनाने बंधनकारक करावे. नागपूरला पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे. त्याच्या मदतीने तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात फिनॉल रेडची बाटली ठेवायला मोठा निधी लागणार नाही. तोवर पशुपालकांनी दुकानदाराकडे हे दोन आकडे आवर्जून मागावेत.