संसारांतील लहानसहान : पायमोजे

गेल्या महिन्यांत एका वाचकभगिनीचें पत्र आलें. यजमान एका दुकानांत नोकरीस, दिवसभर उभ्याचें काम. दोन मुलें शाळेंत. घरभाडें व शिकवणीची फी भागवितां भागवितां महिनाअखेर हात आखडलेला. अशा स्थितींत दर दोन महिन्यांनीं सगळ्यांच्या पायमोज्यांना भोंकें पडतात. महाग घ्यावे तर छाती होत नाहीं, स्वस्त घ्यावे तर टिकत नाहींत. तरी काय करावें, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न क्षुल्लक आहे म्हणून क्षमा मागण्यासही त्या विसरल्या नाहींत. आम्हांला तो क्षुल्लक वाटला नाहीं. त्याचें कारण पुढें येईलच.

मोजा हा शब्द आपल्याकडे फारसींतून आला, आणि त्या भाषेंत त्याचा अर्थ बूट असा आहे. संस्कृताला वहाण चांगली परिचित होती. ती ज्या द्रव्याची करावयाची त्याला कोणता प्रत्यय लावावा, याची पाणिनीनें एका सूत्रांत व्यवस्था करून ठेविली आहे. मोज्याची निकड मात्र आपल्या हवेंत फारशी नव्हती. ती बुटाच्या मागोमाग आली, आणि शाळांनीं गणवेशांत मोजा घातल्यापासून घरोघर होऊन बसली. गंमत अशी कीं, साहेबाच्या देशांत मोजा बुटाच्या आंत झांकलेला राहतो. आपल्याकडे उंबरठ्याशीं बूट काढावा लागतो, आणि मग फाटक्या मोज्यांतला अंगठा पाहुण्याच्याही आधीं घरांत शिरतो. आम्हीं स्वतः एका सोयरिकीच्या बैठकींत डावा पाय उजव्याखालीं दाबून दोन तास काढले आहेत. तेवढेंच असतें तर हा विषय हंसण्यावारी नेतां आला असता.

आमच्या वडील बंधूंना, म्हणजे दादांना, पुष्कळ वर्षांचा मधुमेह आहे. २०१९ च्या दिवाळीनंतर थंडी पडूं लागली तेव्हां त्यांच्यासाठीं मोजे आणण्याचें आम्हीं अंगावर घेतलें. येथें साताऱ्यास मोती चौकाच्या बाजूस एकजण रस्त्यावर ढीग मांडून बसला होता. शंभराला तीन जोड. आम्हीं घासाघीस करून सहा जोड एकशेंऐशींत घेतले. काळे घेतले, काळ्यावर मळ दिसत नाहीं, साबण कमी लागतो, हा आमचा हिशेब. घरीं येऊन त्या वीस रुपयांच्या बचतीचें वर्णन आम्हीं दोनदां केलें. स्वयंपाकघरांतून एवढेंच ऐकूं आलें, "अहो, पण ते आंतून टोंचणारे नाहींत ना? दादांना पायाचें कळत नाहीं हल्लीं." आम्हीं त्यावर कांहीं बोललों नाहीं.

तीन आठवड्यांनीं वहिनी मोजे धूत असतां बादलींतल्या पाण्याला तांबूस रंग आला. दादांना विचारलें तर ते म्हणाले, "मला कांहीं झालेलें नाहीं, उगाच घाबरूं नका." त्यांना खरोखरच कांहीं वाटलें नव्हतें. दीर्घकालच्या मधुमेहांत पायाची संवेदना बोथट होते. खडा रुतला, कातडी सोलली, तरी पाय तक्रार करीत नाहीं. पायाच्या करंगळीच्या कडेला जखम झाली होती, आणि ती चांगली आठवड्याची असावी. डॉक्टरांनीं आधीं पाय पाहिला आणि मग मोजा मागितला. तो त्यांनीं उलटा केला, आपल्या हातावर चढविला, आणि आमचें बोट धरून टोंकाच्या शिवणीवरून फिरविलें. सुतळीएवढा वळ हाताला लागला. "मास्तर, हा दिवसभर तिथें घासत होता," इतकेंच ते बोलले. रंग काळा नसता तर डाग पहिल्याच दिवशीं दिसला असता, हें त्यांनीं सांगितलें नाहीं. तें आमचें आम्हांस समजलें. सात आठवडे पट्टी बदलावी लागली. बोट वांचलें. त्या सात आठवड्यांच्या खर्चांत उत्तम मोज्यांचे किती जोड आले असते याचें गणित आम्हीं त्या वेळीं मांडिलें होतें. तें येथें देण्याचें धैर्य होत नाहीं.

तेव्हां आमच्या भगिनींस पहिली विनंति ही कीं, त्या डॉक्टरांनीं जें केलें तेंच दुकानांत करावें. मोजा उलटा करावा, हात आंत घालावा आणि बोटांच्या टोंकाशीं येणारी शिवण चांचपून पाहावी. चांगल्या मोज्यांत ती टाक्याला टाका जोडून सपाट बसविलेली असते. हलक्या मोज्यांत ती नुसती दाबून शिवून टाकलेली असते व तिचा उंचवटा बोटाला लागतो. मग हात पसरून मोजा ताणावा व उजेडाकडे धरावा. मोजा टांचेशीं आणि अंगठ्याशीं फाटणार हें आपणांस आधींच ठाऊक आहे. तेव्हां त्या दोन जागीं वीण इतर भागापेक्षां घट्ट व जाड आहे कीं नाहीं, एवढें पाहावें. तेथेंही उजेड चाळणींतून यावा तसा येत असेल तर दुकानदार कांहीं म्हणो, मोजा खालीं ठेवावा. तिसरी गोष्ट टांचेची. कांहीं मोजे नुसते नळीसारखे सरळ असतात, त्यांना टांचच नसते. ते कोणत्याही पायाला होतात असें सांगून विकले जातात, आणि म्हणूनच कोणत्याही पायाला नीट होत नाहींत. घडी पडते, ती घासते, आणि तेथेंच भोंक पडतें. टांचेला निराळी पिशवी काढलेली असावी.

हें इतकें कां जपावयाचें, तें मोज्याच्या घडणींत आहे. धोतर किंवा सदरा मागावर उभ्या-आडव्या धाग्यांनीं होतो. त्यांतला एक धागा तुटला तरी बाकीचे आपापल्या जागीं राहतात. मोजा हा फाशांत फासा अडकवून केलेला असतो. १५८९ च्या सुमारास विल्यम ली या इंग्रजानें हातानें विणण्याचें हें काम प्रथम यंत्रावर आणिलें; यंत्रें पुढें पुष्कळ सुधारलीं, पण फाशाचें तत्त्व तेंच राहिलें. त्यामुळें मोज्याला ताण सोसतो, तो पायाबरोबर वाकतो; आणि त्याच कारणानें एक फासा तुटला कीं शेजारचेही आधार सोडतात. सकाळचें मुगाएवढें भोंक संध्याकाळीं सुपारीएवढें होतें तें यामुळें.

आतां सूत कोणतें असावें? आमच्या घरांत शुद्धतेचा आग्रह तीन पिढ्यांचा आहे, आणि बंडीच्या बाबतींत आम्ही अजूनही शुद्ध सुतीच्याच बाजूचे आहों. परंतु मोज्याच्या टांचेंत थोडी भेसळ हितकर असते, हें अनुभवानें मान्य करावें लागलें. नुसतें सूत घाम शोषून घेतें, कातडीला मऊ लागतें. पण बुटाच्या घर्षणापुढें तें लवकर झिजतें, आणि एकदां ताणलें कीं परत आंखडत नाहीं. वॉलेस कॅरोदर्स यांनीं १९३५ सालीं अमेरिकेंत नायलॉन तयार केलें. १९४० सालीं त्याचे बायकांचे लांब मोजे बाजारांत आले. घर्षणाला टिकण्यांत तें सुतापेक्षां पुष्कळच वरचढ आहे. पुढें १९५८ सालीं जोसेफ शिव्हर्स यांनीं ताणून सोडलें कीं पूर्ववत् होणारा धागा काढला. त्यालाच वेष्टनावर स्पॅन्डेक्स किंवा इलास्टेन म्हणतात. वेष्टनावर सूत ७० ते ८० टक्के, नायलॉन १५ ते २५ टक्के व हा ताणाचा धागा २ ते ५ टक्के असें लिहिलेलें असेल तर तें प्रमाण रोजच्या वापराला चांगलें समजावें. वेष्टनावर कांहींच लिहिलेलें नसेल तर हातानें पाहावें हें बरें. आणि लिहिलेलें असलें तरीही हातानें पाहावेंच.

दादांच्या प्रकरणानंतर आम्हीं एक उद्योग केला. तो घरांत थट्टेचा विषय झाला आहे, तरी सांगतों. तीन प्रकारचे मोजे आणिले : रस्त्यावरचे शंभराला तीन, एका साध्या दुकानांतले एकशेंदहा रुपयांचे, आणि मोठ्या नांवाचे साडेतीनशेंचे. प्रत्येक प्रकाराच्या कांठाला आंतून तांबड्या दोऱ्यानें एक, दोन व तीन टाके घातले, आणि सकाळीं अजिंक्यताऱ्याच्या चढावर जातांना ते पाळीपाळीनें वापरून वहींत नोंद ठेविली. पहिल्या प्रकाराची टांच एकतिसाव्या दिवशीं गेली. दुसरे एकशेंचाळीस दिवस चालले व तेव्हां टांचेशीं विरळ झाले. तिसरे एकशेंबासष्ट दिवस गेले. म्हणजे पायांत घालण्याचा दर दिवसाचा खर्च पहिल्याचा एक रुपया आठ पैसे, दुसऱ्याचा एकोणऐंशी पैसे, आणि तिसऱ्याचा दोन रुपये सोळा पैसे. हा एका माणसाच्या पायांचा अनुभव आहे, शास्त्र नव्हे. परंतु अति स्वस्तांत आपण फसतों हें जितकें खरें, तितकेंच नांवाला दिलेले पैसे टांचेंत उतरत नाहींत हेंही खरें, असें आम्हांस त्यावरून वाटूं लागलें. साडेतीनशेंचा मोजा मऊ होता, यांत शंका नाहीं. तो मऊपणा ज्यांना परवडतो त्यांनीं खुशाल घ्यावा.

परंतु तुटपुंज्या प्राप्तींत खरी अडचण दराची नसते, एकरकमी पैशाची असते. चार माणसांना चार चार जोड एकदम घेणें कोणाला साधेल? त्यासाठीं आमची सूचना अशी. जूनमध्यें शाळा उघडण्याच्या गर्दींत सगळे घेऊं नयेत. फेब्रुवारी-मार्चमध्यें, शाळा चालू असतांनाच, एकच जोड आणून मुलाच्या पायांत घालावा. मुलाचा पाय हा सर्वांत कठोर परीक्षक आहे. तो जोड उन्हाळ्याच्या सुटीपर्यंत शाबूत राहिला तर त्याच दुकानांतून त्याच जातीचा व त्याच रंगाचा दर महिन्यास एकेक जोड वाढवीत जावा. एकाच जातीचे घेण्यांत मोठा लाभ आहे. चार निरनिराळे जोड असले आणि दोन जोडांतला एकेक मोजा फाटला, तर दोन जोड निकामी होतात व दोनच उरतात. चारही सारखे असतील तर त्याच दोन फाटक्या मोज्यांनीं एकच जोड जातो, तीन शिल्लक राहतात. हें गणित आम्हीं पांचवीच्या वर्गांत कितीदां तरी घातलें असेल. घरीं अमलांत आणण्यास निवृत्त व्हावें लागलें. कांहीं शाळा दरवर्षीं मोज्याच्या पट्ट्याचा रंग बदलतात, तेव्हां हा उपाय चालत नाहीं. त्या शाळांविषयीं आम्ही एक माजी शिक्षक म्हणून अधिक लिहीत नाहीं.

मापासाठीं मूल बरोबर नेतां आलें तर उत्तम. नाहीं तर मोज्याचा पायाचा भाग त्याच्या आवळलेल्या मुठीभोंवतीं गुंडाळून पाहावा. टांच व टोंक साधारण भिडलें कीं माप बरोबर, हा दुकानदारांचा जुना ठोकताळा पुष्कळ वेळां खरा ठरतो. वाढता पाय म्हणून दोन मापें मोठा घेण्याची आपली रीत मोज्याला मानवत नाहीं. तो आंत गोळा होतो. कांठ मात्र फार घट्ट नसावा. संध्याकाळीं मोजा काढल्यावर पिंढरीवर खोल वळ उमटत असेल तर तो वृद्धाला व मधुमेह्याला देऊं नये. त्यांना फिक्या रंगाचेच द्यावे, आणि रोज काढल्यावर मोजा व पाय दोन्ही पाहावे.

धुण्याविषयीं थोडकें. उलटे करून, साध्या पाण्यांत. कडकडीत पाणी व कपडे पांढरे करण्याची क्लोरीनची पूड ताणाच्या धाग्याचा नाश करते. वाळत घालतांना चिमटा टोंकाला लावावा, कांठाला लावल्यास पाण्याच्या भारानें कांठ सैल पडतो. आणि टांच विरळ दिसूं लागली कीं भोंकाची वाट न पाहतां रफू करावें. लांकडी गोळा नसला तरी लहान वाटी पालथी आंत घालून काम होतें. आधीं उभे धागे, मग त्यांतून एकाआड एक आडवे; गांठ मारूं नये, कारण गांठच पुढें पायाला लागते. आमच्या वहींतले दुसऱ्या प्रकारचे मोजे असे रफू होऊन अद्याप पायांत आहेत. वहीची पानें संपलीं, म्हणून नोंद थांबविली.

यजमानांच्या मोज्यांविषयीं मात्र एक शंका आहे. त्यांचे मोजे नेहमीं एकाच जागीं, टांचेच्या मागच्या बाजूस, फाटतात असें पत्रांत लिहिलें आहे. तसें असेल तर दोष मोज्याचा नसून बुटाचा असावा. बुटांत हात घालून टांचेचें अस्तर चांचपावें. तें फाटून आंतला कडक पुठ्ठा उघडा पडला असेल तर कितीही उत्तम मोजा तेथें टिकणार नाहीं. चांभाराकडून तेवढाच चामड्याचा तुकडा चिकटवून व शिवून घ्यावा. त्याला किती पडले व त्यानंतर मोजे किती दिवस गेले, तें भगिनींनीं अवश्य कळवावें. आम्हीं नवी वही घेतली आहे.